ओठ उचलून पाहणार कोण?



बालदंतवैद्यांच्या या अधिवेशनाच्या अध्यक्षपदासाठी माझी निवड केलीत, आभारी आहे. यजमान शाखेने जेवणापासून जनरेटरपर्यंत सगळी व्यवस्था चोख ठेवली आहे, त्यांचं कौतुक. वर्षभरात जे सहकारी आपल्यातून गेले, त्यांच्या स्मृतीला वंदन करतो.

अध्यक्षाने बालदंतवैद्यकाच्या वाटचालीचा आढावा घ्यावा, अशी कार्यवाहांची सूचना आहे. घेतो. डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यात देशातलं पहिलं दंत महाविद्यालय काढलं. १९४८ साली दंतवैद्य कायदा झाला. पुढे महाविद्यालयं वाढली, पदव्युत्तर जागा वाढल्या, डिजिटल एक्स-रे आला, लेसर आला, झिर्कोनियाच्या टोप्या आल्या. बाहेरच्या दालनात हे सगळं मांडलेलं आहेच. आढावा संपला. आता जे बरीच वर्षं पोटात ठेवलं, ते बोलतो.

बाळाचा पहिला दात सहाव्या महिन्याच्या आसपास येतो. नवव्या महिन्यात ते गोवर-रुबेलाच्या लसीला येतं. सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दुसऱ्या डोसला येतं. अंगणवाडीत त्याचं वजन होतं, उंची होते, दंडाचा घेर मोजला जातो. सुई टोचली की मूल भोकाड पसरतं, असतील नसतील तेवढे दात समोर दिसतात. आणि त्या खोलीतलं एकही माणूस त्या तोंडात पाहत नाही! वरचा ओठ बोटाने उचलायला अर्धं मिनिट लागतं. ते अर्धं मिनिट या राज्यात कुणाच्याच कामात लिहिलेलं नाही, ही माझी तक्रार.

उचलला असता तर काय दिसलं असतं, ते तुम्हाला सांगायला नको. तरी सांगतो, कारण आपणही विसरलो आहोत. वरच्या पुढच्या दातांवर, हिरडीला लागून खडूसारखी पांढरी रेघ. खालचे पुढचे दात शाबूत, कारण त्यांच्यावर जीभ असते आणि लाळ तिथेच सुटते. रात्री तोंडात साखरदुधाची बाटली, नाहीतर मधात बुडवलेली चोखणी; झोपेत लाळ कमी, साखर तशीच दातावर. दुधाच्या दाताचं कवच कायमच्या दाताच्या जवळपास निम्मंच जाड आणि आतली नस मोठी. त्यामुळे पांढरी रेघ पिवळी व्हायला आणि पिवळीचं भोक पडायला फार वाट पाहावी लागत नाही. रेघ पांढरी असते तोवर फ्लोराइडचा लेप आणि रात्रीची बाटली बंद, एवढ्याने ती थांबते, कधी मागेही फिरते. ना सुई, ना ड्रिल.

आपल्याकडे मूल येतं कधी? चौथ्या-पाचव्या वर्षी, गाल सुजून, दोन रात्री घर जागवून. तोवर ते एकाच बाजूने चावायला शिकलेलं असतं, भाकरी टाकून चहात बुडवलेल्या बिस्किटावर आलेलं असतं. मग आपण बापाला संपूर्ण भूल देऊन करायच्या उपचाराचा खर्च सांगतो आणि तो जमिनीकडे बघत बसतो. २००२-०३ च्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांच्या मुलांपैकी जवळपास ५२ टक्क्यांचे दात किडलेले आढळले होते. म्हणजे शाळेच्या पहिल्या दिवशी वर्गातलं निम्मं पोर कीड घेऊन बसतं. आणि घरात, शेजारात, कधी कधी डॉक्टरच्या तोंडीसुद्धा एकच वाक्य: दुधाचेच आहेत, पडणारच आहेत.

परवापासून या मांडवात तीन वाद चालले आहेत. त्यांवर अध्यक्षाचं मत द्यायचा प्रघात आहे. देतो.

पहिला वाद: किडलेली दुधाची दाढ वाचवायची की काढून मोकळं व्हायचं? माझ्याकडे ऊसपट्ट्यातल्या एका गावातून दहा वर्षांची मुलगी आली. ती पाच वर्षांची असताना तिची दुधाची दुसरी दाढ दुसरीकडे कुणीतरी काढून टाकली होती. ही दाढ नेहमी दहाव्या ते बाराव्या वर्षी पडते. पाच वर्षं तरी तिची नोकरी शिल्लक होती. दुधाची दाढ म्हणजे एसटीच्या सीटवर टाकलेला रुमाल. उचललात की कुणीही येऊन बसतं. इथे सहाव्या वर्षी आलेली कायमची दाढ पुढे सरकून बसली आणि जिची जागा होती ती उपदाढ हाडातच अडकली. तारा लावाव्या लागल्या. खर्चाचा कागद हातात घेऊन वडिलांनी विचारलं, “डॉक्टर, तवा ती दाढ राखायला किती पैसे लागले असते?” आकडा मी सांगितला. ते काही बोलले नाहीत. वाद संपला.

दुसरा वाद: सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. कीड जागच्या जागी थांबते, पण दात काळा पडतो. काल एका तरुण वक्त्याने सांगितलं, की आपल्याकडच्या आया हे स्वीकारणार नाहीत. जपानात हे औषध पन्नास वर्षांहून जुनं आहे आणि २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. पण यादी राहू द्या. नातवाला मांडीवर घेऊन बसलेल्या एका आजीला मी काळ्या डागाचं नीट समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, “मशेरीनं आमचं सगळ्यांचं दात काळंच हाईत की. लावा, पोराला झोप लागू दे.” काळ्या रंगाची लाज आधी आपल्याला वाटते, मग ती आपण आईच्या तोंडी घालतो. विचारून तर पाहा!

तिसरा वाद: लहानांना फ्लोराइडची पेस्ट द्यावी की नाही? यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या सहकाऱ्यांची भीती खरी आहे. तिथल्या कित्येक गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे आणि डागाळलेले दात त्यांनी रोज पाहिले आहेत. पण हिशेब करा. एक हजार पीपीएमची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी घेतली तर तिच्यात साधारण ०.१ मिलिग्रॅम फ्लोराइड असतं. मुलाने ती सगळी गिळली तरी तेवढंच. तिकडच्या पाण्याच्या एका लिटरमध्ये याच्या पंधरापट आणि त्याहून जास्त असतं. त्या गावात पाणी बदला, पेस्ट कशाला बदलता? तीन वर्षांपर्यंत तांदळाचा दाणा, पुढे वाटाणा, आणि ब्रश आईबापाच्या हातात, निदान सात वर्षांचं होईपर्यंत. माझ्या सगळ्या नातवंडांचे दात याच हिशेबाने घासले गेले. माझ्यापुरता हा वाद तिथेच मिटला.

आता वादाबाहेरची गोष्ट. माझ्या गावाजवळच्या उपकेंद्रात एक सिस्टर होत्या. लसीच्या दिवशी मी एकदा तिथे बसलो आणि ओठ कसा उचलायचा, पांढरी रेघ कशी ओळखायची, ते दाखवलं. त्यांनी ते धरून ठेवलं. लस टोचायची, मूल रडलं की तोंडात बघायचं, रेघ दिसली की आईच्या हातात चिठ्ठी. चिठ्ठीवर दोनच शब्द: “पांढरी रेघ”. ती चिठ्ठी घेऊन आलेल्या कितीतरी मुलांना मी नुसता लेप लावून घरी पाठवलं. त्यांतल्या बऱ्याच जणांना भूल म्हणजे काय ते कळलंच नाही. मग सिस्टरांची बदली झाली. चिठ्ठ्या बंद झाल्या. नव्या आलेल्या बाईंना मी विनंती केली, त्यांनी नम्रपणे विचारलं, “सर, याची नोंद कुठल्या रजिस्टरला करायची?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याच्या तपासणीच्या यादीत दातांचे विकार आहेत. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा जातं. बरं आहे, पण त्या नजरेला दिसतं ते भोक. रेघ दिसायला बोट लागतं. आणि बाळाला पहिल्या वर्षात नियमाने भेटतात त्या एएनएम, आशा, अंगणवाडीताई आणि बालरोगतज्ज्ञ. आपण त्यांना कधी शिकवायला गेलो? आपण एकमेकांना शिकवतो, तेही वातानुकूलित सभागृहात.

एवढं बोलून आपल्या घरातलं लपवलं तर ते खोटं होईल. इथे बसलेल्यांपैकी काहींच्या दवाखान्यात उत्तर ठरलेलं आहे: “तीन वर्षांखालचं आणू नका, ते बसत नाही.” त्याला बसवायचंय कशाला? आईच्या गुडघ्याला गुडघा लावून समोर बसा, मुलाचं डोकं तुमच्या मांडीवर, पाय आईच्या कमरेला. रडेल, रडू द्या, तोंड उघडेल. पहिला दात आल्यापासून सहा महिन्यांत, उशिरात उशिरा पहिल्या वाढदिवसापर्यंत मूल दंतवैद्याने पाहावं, हे आपल्याच शास्त्राचं म्हणणं आहे. ते आपण परीक्षेत लिहितो आणि पाटी टांगताना विसरतो.

पुढच्या कामाविषयी थोडक्यात. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेशी बोलण्यासाठी एक छोटी समिती करू. नावं कार्यवाह ठरवतील. माता-बाल संरक्षण कार्डात दातांसाठी एक रकाना मिळतो का, त्यासाठी आरोग्य खात्याकडे निवेदन देऊ. प्रत्येक शाखेने एक उपकेंद्र धरावं, असंही मनात आहे. तपशील पुढच्या बैठकीत पाहू. बोरन्हाणात पडणाऱ्या चॉकलेटांवरही बोलायचं होतं, पण वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे.

समित्यांना वेळ लागेल. तुम्हाला लागायचं कारण नाही. सोमवारी दवाखाना उघडाल, तेव्हा कडेवरच्या बाळाला वयाचं कारण सांगून परत पाठवू नका, आणि महिन्यातल्या एका लसीकरणाच्या दिवशी जवळच्या उपकेंद्रात जाऊन बसा. दुधाचे दात पडणार आहेत, हे खरं; पण ते त्यांच्या वेळेला पडावेत, ही जबाबदारी आपली आहे.