पिवळा रंग आणि प्राथमिक शाळा

(शिक्षकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



परिसर अभ्यासाचा तास कसा घ्यावा, यावर मी चार शब्द बोलावे असे मला सांगण्यात आले आहे. विषय मोठा आहे, आणि मोठ्या विषयावर बोलणारा माणूस बहुधा मोघम बोलतो. म्हणून मी त्यातला एक लहानसा तुकडा निवडला आहे, तो म्हणजे पिवळा रंग. त्यासाठी साहित्य विकत आणावे लागत नाही, आणि आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात हा रंग बाराही महिने कोठे ना कोठे दृष्टीस पडतो.

पहिलीच्या वर्गात आपण रंगांचा तक्ता टांगतो, पिवळ्या चौकोनावर पट्टी ठेवतो, मुले एका सुरात 'पिवळा' म्हणतात आणि पाठ संपतो. रंगाचे नाव मुलास आले, परंतु त्याची जिज्ञासा जागच्या जागी राहिली. 'हे पिवळे आहे' या वाक्यापाठोपाठ 'ते कशाने पिवळे झाले?' हा प्रश्न वर्गात यावयास हवा, एवढेच माझे म्हणणे आहे. त्याचे उत्तर दर वेळी निराळे निघते, आणि ते मुलांस ठाऊक नसले तर केव्हा केव्हा घरादारास त्याची किंमत मोजावी लागते. ती कशी, हे पुढे येईलच.

प्रथम शिवारात जाऊ. भाद्रपद उतरणीस लागला की अकोले तालुक्यात कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड यांच्या उतारांवर सोनकी फुलते आणि डोंगरच्या डोंगर हळद माखल्यासारखे दिसू लागतात. तेथील आदिवासी शेतकऱ्यांची कारळ्याची वावरेही त्याच सुमारास पिवळी होतात. पूर्वेकडे पारनेर, कर्जत, जामखेड या भागांत पाऊस थोडा. तेथील माळावर तरवड फुललेला दिसतो. त्याच्या सालीने पूर्वी कातडी कमावीत. पुढे तुरीचा फुलोरा येतो, करडई येते, वैशाखात बहाव्याचे घोस लोंबू लागतात. करडईचे फूल मुलांकडून मुद्दाम रोज पाहून घ्यावे. उमलताना ते पिवळे असते आणि सुकत आले की तांबूस होते. नगर तालुक्यात अकोळनेरसारख्या गावी शेवंतीचे मळे आहेत. जवळच्या शाळांनी तेथे सहल न्यावी; शेवंती तोडून बाजारात जाईपर्यंतचा हिशेब हा गणिताचाच पाठ आहे.

नवरात्रात घटावर सोडावयाची माळ कोठे तरवडाच्या फुलांची असते, कोठे कारळ्याच्या. आपल्या घरची माळ कशाची, हे प्रत्येक मुलाने सांगावे. एवढ्यावरून वर्गास पर्जन्यमानाचा नकाशा निम्मा समजून जाईल.

घटाचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो. घटाभोवती पेरलेले धान्य नऊ दिवसांत वीतभर वाढते आणि त्याचे कोंब फिकट पिवळे असतात. दसऱ्यास तेच आपण टोपीत खोवतो. शेतात हेच धान्य हिरवे उगवते, मग देवघरात पिवळे का? देवघर अंधारे असते. पानास हिरवा रंग देणारे हरितद्रव्य प्रकाशावाचून नीट तयार होत नाही, आणि पानात मूळचाच असलेला पिवळा रंग तेवढा डोळ्यांस दिसतो. दोन परळांत गहू पेरावेत. एक परळ उन्हात ठेवावा, दुसऱ्यावर टोपले पालथे घालावे. आठ दिवसांनी मुलांस दोन्ही दाखवावेत आणि टोपल्याखालचा परळ उन्हात आणावा. तो हिरवा होऊ लागलेला मुले स्वतः पाहतील. फाल्गुनात कडुलिंबाची पाने गळण्यापूर्वी पिवळी पडतात, तेथेही हरितद्रव्य आधी जाते व पिवळा रंग मागे उरतो. कोंबाचा पिवळेपणा आणि पिकल्या पानाचा पिवळेपणा यांचे हे नाते मला फार सुंदर वाटते.

आता स्वयंपाकघरात येऊ. हळदीवाचून आपल्याकडे कोणतेही मंगलकार्य होत नाही. पारनेर तालुक्यात पिंपळगाव रोठा येथे कोरठण खंडोबाची यात्रा पौष महिन्यात भरते, तेव्हा भंडाऱ्याने माणसे आणि पायऱ्या एकाच रंगाच्या होतात. अहिल्याबाई होळकरांचा जन्म १७२५ साली जामखेड तालुक्यातील चौंडी येथे झाला. त्यांच्या जयंतीस, ३१ मे रोजी, तेथे जमणाऱ्या धनगर समाजाच्या हातांतील ध्वज पिवळे असतात. हा रंग भंडाऱ्याचाच.

या हळदीचा एक प्रयोग प्रत्येक शाळेने करावा. हळद पाण्यात कालवून टीपकागदावर पसरावी, कागद वाळला की त्याच्या पट्ट्या कापाव्यात. पट्टीवर साबणाच्या पाण्याचा थेंब टाकला की ती तांबडी होते. त्यावर लिंबाचा रस पिळला की पुन्हा पिवळी. पिठल्याचा डाग साबण लावताच लाल का होतो, हे कोडे मुलांनी घरी पाहिलेलेच असते. हळदीवर टाकणखार, तुरटी आणि लिंबाचा रस यांची प्रक्रिया करून कुंकू तयार करण्याची जुनी रीत आहे. तेव्हा तबकातील हळद आणि कुंकू ही एकाच कंदाची लेकरे, हे कळले म्हणजे मुलांचे चेहरे पाहण्यासारखे होतात.

मात्र पिवळी दिसणारी प्रत्येक पूड हळद नसते. रंग उठावदार दिसावा म्हणून हळदीत शिसेयुक्त रंग मिसळण्याचे प्रकार घडतात, आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूस अपाय करते. बांगलादेशात २०१९ साली बाजारांतील हळदीच्या नमुन्यांपैकी ४७ टक्के नमुन्यांत हा रंग सापडला होता. लोकांस सावध केले, बाजारांत तपासणी केली, दंड बसविले. २०२१ साली हे प्रमाण शून्यावर आले. शक्य असेल त्याने हळकुंडे आणून दळून घ्यावीत, हे आपल्या आजीचे शहाणपण आजही खोटे ठरलेले नाही.

ज्यासाठी हा सारा प्रपंच केला, त्या गोष्टीकडे आता वळतो. मुलाचे डोळे पिवळे दिसतात ते कशाने? रक्तातील तांबड्या पेशी जुन्या होऊन फुटतात, त्यांतून एक पिवळे द्रव्य निघते आणि यकृत ते शरीराबाहेर टाकते. यकृतास सूज आली म्हणजे ते द्रव्य रक्तात साठते. हीच कावीळ. आपल्याकडील मुलांत ती बहुधा दूषित पाण्यातून किंवा अन्नातून आलेल्या विषाणूंमुळे होते. भूक मरते, मळमळते, लघवी गडद होते, आणि डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसू लागतो. तो नेहमी दिवसाच्या उजेडात पाहावा. दिव्याच्या पिवळ्या प्रकाशात फसगत होते. गाजर-पपई फार खाल्ल्याने तळहात पिवळट होतात, पण तेव्हा डोळे पांढरेच राहतात.

अशा वेळी पुष्कळ घरे दवाखान्याआधी 'कावीळ उतरविणाऱ्या'कडे जातात. तो रोग्याचे हात चुन्याच्या निवळीने धुतो, पाणी पिवळे होते, आणि कावीळ उतरली असे सांगितले जाते. ज्या मुलाने हळदीच्या पट्टीवर साबणाचे पाणी टाकून पाहिले आहे, तो येथे थांबून विचारील, की हे पाणी कशाने पिवळे झाले? हातांस आधी आंब्याच्या सालीचा रस लागलेला असला आणि मग निवळी पडली, तर पाणी पिवळे होते. निरोगी माणसाचे हात धुतले तरीही होते. हा प्रयोग शिक्षकाने स्वतःच्या हातांवर करून दाखवावा. निवळी मुलांच्या हाती देऊ नये, ती डोळ्यांस घातक आहे.

उतारा घेणारी बरीच मुले बरी होतात, हेही खरे आहे. दूषित पाण्याने झालेली कावीळ बहुसंख्य मुलांत काही आठवड्यांत आपोआप ओसरते, आणि श्रेय निवळीस मिळते. ज्या मुलाचे दुखणे वेगळे किंवा भारी असते, त्याचे मोलाचे दिवस मात्र वाया जातात. त्यातून या विषाणूंतील एक प्रकार गरोदर स्त्रियांच्या जिवावर बेततो, आणि मुलाच्या घरी त्याची आई तेच पाणी पीत असते. एका वर्गात दोन मुलांचे डोळे पिवळे दिसले, तर हजेरीपत्रकात 'आजारी' एवढे लिहून भागत नाही. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे आणि शाळेची टाकी उपसून पाहावी.

जाता जाता आणखी दोन गोष्टी. महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांस पिवळी शिधापत्रिका मिळू लागली. माहिती भरून घेताना 'पिवळे कार्ड कोणाकोणाचे, हात वर करा' असे वर्गात विचारू नये. मुलास तो रंग त्या दिवशी फार जड होतो. दुसरी गोष्ट 'हात पिवळे करणे' या वाक्प्रचाराची. त्याचा अर्थ लग्न लावून देणे एवढाच फळ्यावर लिहून आपण पुढे जातो. सातवीतली एखादी मुलगी तो अर्थ उतरवून घेताना गप्प झालेली दिसली, तर तास संपल्यावर तिच्याशी बोलावे. अठरा वर्षांचा कायदा तिच्या वडिलांस कोणी सांगितला नसेल, तर तो आपण सांगावयाचा आहे.

हळदीच्या पट्ट्या करताना एक काळजी घ्यावी. कागद सावलीत वाळवावेत, कारण उन्हाने हळदीचा रंग उडतो. वाळल्यावर डब्यात बंद करून ठेवले तर ते पुढच्या वर्गांसही उपयोगी पडतील. तरवडाचा बहर सध्या माळावर आहे आणि घटस्थापनेस अवकाश थोडा आहे; परळांची तयारी याच आठवड्यात करावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.