सावली मोजायला या
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेली काही वर्षं मी गावोगावच्या विज्ञान जत्रांचं काम करते. त्यामुळे संयोजकांनी मला 'विज्ञान लोकांपर्यंत कसं न्यावं' यावर बोलायला सांगितलं आहे. सुरुवातीला तुम्हालाच एक प्रश्न विचारते. सूर्य बरोबर डोक्यावर कधी येतो?

(सभागृहातून 'रोज दुपारी बारा वाजता' असं उत्तर आलं.)

आपल्या भूगोलाच्या बाई समोरच बसल्या आहेत, त्यामुळे जरा जपून बोला! कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर, हे आपण सगळ्यांनी पाठ केलं होतं. त्याचा अर्थ अंगणात उतरून कोणी पाहिला नाही. साताऱ्यात सूर्य बरोबर माथ्यावर येतो तो वर्षातून फक्त दोनदा. एकदा १० मेच्या आसपास आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला. ऑगस्टमध्ये आपल्याकडे आभाळ भरलेलं असतं, म्हणजे हाती लागतो तो मे महिनाच. वेळही बाराची नसते, साडेबाराच्या सुमाराची असते, कारण आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर चालतं आणि सातारा त्याच्या बराच पश्चिमेला आहे. त्या क्षणी उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच गोळा होते. यालाच शून्य सावली दिवस म्हणतात. तो कोल्हापूरला ६-७ मेला येतो, पुण्याला १३-१४ मेला, नाशिकला २० मेच्या सुमारास आणि नागपूरला २६ मेच्या सुमारास. दिल्लीकरांच्या नशिबी तो नाहीच, दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला पडते.

लोकांपर्यंत विज्ञान नेण्याचं काम महाराष्ट्राला नवं नाही. मराठी विज्ञान परिषद १९६६ सालची. १९८७ मध्ये देशभर जनविज्ञान जथे निघाले, पथनाट्यं झाली, गाणी झाली. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. तिथं २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला शाळांची मुलं आपले प्रयोग मांडतात आणि आसपासचे गावकरी ते पाहायला येतात. अरविंद गुप्ता यांनी काड्यापेटी, सायकलची ट्यूब, स्ट्रॉ अशा वस्तूंतून खेळणी करायला शिकवलं. आम्ही करतो ते याच वाटेवरचं आहे.

पण या कामात मला एक गोष्ट वारंवार दिसते. जत्रेत खायच्या सोड्याचा ज्वालामुखी मांडला की त्याच्याभोवती तोबा गर्दी होते. आठवड्यानं त्याच मुलांना विचारा, त्यांना फेस आठवतो, कारण आठवत नाही. जिथं माणसानं स्वतः काही मोजलेलं असतं, तिथं मात्र तो दुसऱ्याला समजावून सांगताना दिसतो. त्यामुळे कार्यक्रम ठरवताना मी आता एवढंच विचारते: आलेल्या माणसाच्या हातात काय असणार आहे?

एका सूर्यग्रहणाच्या वेळी आम्ही एका वाडीत होतो. एका घरातल्या आजी दारातच उभ्या, सून गरोदर म्हणून आत बसवलेली. आम्ही अंधश्रद्धेवर एक शब्द बोललो नाही. आजींकडे पिठाची नको, मोठ्या भोकांची चाळणी मागितली आणि अंगणात उन्हात धरली. जमिनीवर प्रत्येक भोकाची एकेक चंद्रकोर उमटली. आजींनी चाळणी आपल्या हातात घेतली, हलवून पाहिली, पुन्हा पाहिली. मग दाराकडे तोंड करून म्हणाल्या, "अगं ये बाहेर, वर न्हाई बघायचं, खाली बघायचंय." भीती गेली का, हे मी सांगू शकत नाही. सून बाहेर आली, एवढं मी पाहिलं.

शून्य सावलीच्या दिवशीही असंच घडतं. काठी अगदी उभी हवी, थोडी कलली तरी सावली फसवते. ती उभी कशी करायची हे आमच्यापेक्षा गवंड्याला चांगलं कळतं. तो ओळंबा घेऊन येतो आणि त्या दुपारपुरता तोच आमचा गुरुजी असतो. सुट्टी असल्यानं शाळेत हा दिवस कधी साजरा होत नाही, पण माहेरवाशिणी आणि नातवंडं गावात असतात ती याच दिवसांत. मैदान भरायला आणखी काय हवं?

आता माझी मागणी. आपली बॅच पांगली, याची हळहळ सकाळपासून तीन जणांनी व्यक्त केली. मला ती सोय वाटते. साताऱ्याच्या शून्य सावलीच्या दिवशी, म्हणजे १० मेला साडेबाराच्या सुमारास, नाशिकच्या मंडळींनी एक मीटरची काठी उभी करावी. तिची सावली सुमारे ४ सेंटीमीटर, उत्तरेकडे पडेल. कोल्हापूरकरांची पावणेदोन सेंटीमीटरच्या आसपास, आणि तीही दक्षिणेकडे! सातारा आणि नाशिक जवळपास एकाच रेखांशावर आहेत, सरळ रेषेत सुमारे २५५ किलोमीटर. चार सेंटीमीटर सावली म्हणजे सुमारे २.३ अंश. मग पूर्ण ३६० अंशांना किती? त्रैराशिक मांडा, पृथ्वीचा घेर चाळीस हजार किलोमीटरच्या जवळ येतो. एरॅटोस्थेनिसनं सव्वादोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये हेच केलं होतं.

एक मात्र ध्यानात ठेवा. सूर्य ठिपका नाही, तबकडी आहे, त्यामुळे सावलीची कड धूसर असते. अर्धा सेंटीमीटर इकडेतिकडे झालं तरी उत्तर पाच हजार किलोमीटरनी हलतं. म्हणून एकाचं माप पुरणार नाही, नाशिकला चार घरांतून चार मापं हवीत. आणि सूर्याकडे कोणीही थेट पाहायचं नाही, आपलं सगळं काम जमिनीवरचं आहे.

प्रयोगशाळेला देणगी द्यायची चर्चा आज झाली, ती जरूर द्या. पण कपाटातल्या उपकरणांना हात लावणारं कोणी हवं. शाळेचा पट कमी होतोय हे सरांनी सांगितलं. गावातल्या लोकांना या मैदानावर काही सापडलं, तर ते आपल्या मुलांना इथं पाठवायचा विचार करतील, असं मला वाटतं. निदान मैदानाची वाट तरी त्यांच्या पायाखालची होईल.

तेव्हा येत्या १० मेला सकाळी अकरा वाजता मैदानावर या. येताना काठी, दोरी, मोजपट्टी आणि घरातलं एक तरी लहान मूल आणा. ज्यांना येणं जमणार नाही, त्यांनी आपापल्या गच्चीवरून माप कळवा. बाई, फळ्यावर त्रैराशिक तुम्हीच मांडायचं आहे.