दोन मिलिमीटरचा माणूस



कामगार चळवळीत केस पिकलेला माणूस बोनस आणि महागाईवर बोलणार, अशी आपली समजूत असेल. आज आम्ही खेळण्यांवर बोलणार आहोत. आमचे शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढचे सारे वाचनालयात आणि गोदीच्या फाटकावर झाले. हा छंदही गोदीपायीच जडला.

जपानात शिझुओका नावाचे शहर आहे. लाकूडकामाबद्दल त्याची जुनी ख्याती. तिथले लाकडी नमुने करणारे कारखानदार पुढे प्लास्टिककडे वळले. १९७१ साली तामिया, हासेगावा, आओशिमा आणि फुजिमी या चार कंपन्यांनी सातशेस एक हे प्रमाण ठरवून महायुद्धातील जहाजे आपसांत वाटून घेतली. मालकांनासुद्धा एकी कळते, हे आम्ही आमच्या सभासदांना मुद्दाम सांगतो. १९९२ साली फुजिमी बाहेर पडली. एकी टिकवणे अवघड, हेही त्यातून शिकावे!

या जहाजांना पाण्याखालचा भाग नसतो. काचेवर मांडली की झाले बंदर. बंदर म्हटले की शेजारी पाण्यावर उतरणारे विमानही हवे. कावानिशी कंपनीचे 'एच-८-के' घ्या. खऱ्या विमानाच्या पंखांचा विस्तार ३८ मीटर. आमच्या काचेवर तो साडेपाच सेंटिमीटरही भरत नाही. मार्च १९४२ मध्ये अशा दोन विमानांनी वाटेत पाणबुड्यांकडून इंधन घेऊन पर्ल हार्बर गाठले होते. या विमानाचे पोट होडीसारखे असते आणि पोटाखाली एक पायरी असते. धावताना या पायरीमुळे पाण्याची पकड सुटते, म्हणून ते धूड वर उठते. पण काचेवर बसवायचे तर तेवढेच पोट कापावे लागते. ज्याच्या जोरावर उडायचे, तेच आधी दिसेनासे होते.

आम्ही आणलेल्या बंदराच्या पेटीत क्रेन होत्या, गोदामे होती, टग होते. माणूस एकही नव्हता. अशा विमानाला स्वतःची चाके नसतात. छातीभर पाण्यात उभे राहून माणसे त्याला चाके जोडतात, मग ते उतारावरून ओढून वर घेतात. मग माणसांवाचून हे बंदर चालायचे कसे?

आमच्याबरोबरचा एक गडी क्रेनखाली गेला. चौकशीच्या कागदावर क्रेनचा नंबर बरोबर होता, वजन बरोबर होते. गड्याचे नाव मात्र चुकले होते. ते दुरुस्त करून घ्यायला आम्हाला सात महिने लागले.

तेव्हा माणसे आम्हीच केली. प्लास्टिकची काडी मेणबत्तीवर धरून ताणली की तार निघते. साडेपाच फुटांचा माणूस या प्रमाणात सव्वादोन ते अडीच मिलिमीटर. तेवढे तुकडे कापून चिमट्याने उभे केले.

एका सोबत्याने विचारले, "दादा, तुम्ही लढाईची खेळणी मांडता?" आम्ही म्हटले, लढाईची झळ बंदराला आधी लागते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाला आग लागली. कापूस आणि स्फोटके एकाच जहाजात भरली होती. शेकडो माणसे मेली. आग विझवायला गेलेले ६६ जवान गेले आणि गोदीत पोटासाठी राबणारेही गेले.

घरी येणारा पाहुणा प्रथम जहाजे पाहतो, मग विमान. आम्ही त्याच्या हाती भिंग देतो आणि म्हणतो, आधी माणसे मोजा. एकूण एकेचाळीस आहेत.