घराच्या छपराचा हिशेब



देवळाचे छप्पर आपण सर्वांनी मिळून केले. आता घराचे बोलतो. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा माझी कौले उडाली. मी पैसे धरले ते फक्त नव्या कौलांचे! सुतार वर चढला, तर रिपा भुसभुशीत, आढ्याजवळचे दोन वासे वाळवीने पोखरलेले. खर्च दुप्पट झाला. पाऊस तोंडावर, म्हणून उसनवारी करावी लागली.

तेव्हा आधी चार कौले काढून लाकूड पाहा, मगच अंदाजपत्रक करा. जुनी शाबूत कौले मोजा, तेवढी खरेदी वाचते. खाऱ्या हवेत साधा खिळा गंजतो, जस्ताचा मुलामा दिलेलाच घ्या. आणि काम दिवाळीनंतर काढा. मे महिन्यात सुतार मिळत नाही, मिळालाच तर मजुरी चढी.