कर्णबधिरांचे क्रीडासामने आणि आपली वागणूक

(महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



महोत्सवी वर्षात हाती घ्यावयाच्या कामांची जी यादी आपल्या विश्वस्त मंडळाने केली आहे, तीत आपल्या सीमाभागातील कर्णबधिर मुलामुलींचे क्रीडासामने भरविणे हे एक कलम आहे. मंडप, भोजन, निवास आणि पारितोषिके यांचा विचार यथास्थित झालेला आहे. त्या सामन्यांत ज्यांचा ज्यांचा संबंध येईल त्यांनी कसे वागावे, एवढाच प्रश्न माझ्याकडे सोपविलेला आहे. विषय ऐकावयास लहान वाटतो. परंतु मंडप थोडा वाकडा उभारला तर चालेल, वागणूक वाकडी झाली तर सगळा खर्च पाण्यात जाईल. म्हणून आपला थोडा वेळ घेतो.

प्रथम थोडा इतिहास सांगतो, कारण त्यातूनच नियम निघतात. १८८० साली इटलीतील मिलान शहरी कर्णबधिरांच्या शिक्षकांची एक मोठी परिषद झाली. मुलांना केवळ तोंडाने बोलावयास शिकवावे, हातांच्या खुणांची भाषा शाळांतून काढून टाकावी, असा ठराव तेथे झाला. मत देणारे जवळजवळ सर्वच ऐकू येणारे लोक होते. ज्यांच्या भाषेचा निकाल लागावयाचा, त्यांना विचारलेच नाही. हा ठराव चुकीचा होता असे म्हणून खेद व्यक्त करावयास त्याच शिक्षकवर्गाच्या परिषदेला २०१० साल उजाडावे लागले. व्हँकूव्हर येथे ती झाली. एकशे तीस वर्षे!

ज्या काळात शाळांतून खुणांच्या भाषेची हकालपट्टी झाली होती, त्या काळात अनेक देशांतील कर्णबधिरांनी आपली भाषा व आपला सहवास टिकविला तो मुख्यत्वे स्वतःच्या मंडळांत, क्लबांत आणि खेळाच्या मैदानांवर. त्यांतूनच १९२४ सालच्या ऑगस्ट महिन्यात पॅरिस येथे नऊ देशांच्या कर्णबधिर खेळाडूंचे पहिले आंतरराष्ट्रीय सामने भरले. त्यामागे युजीन रुबेन्स-अल्काई नावाचा एक फ्रेंच गृहस्थ होता, आणि तो स्वतः कर्णबधिर होता. आज ज्यांना डेफलिंपिक्स म्हणतात ते हेच सामने. २०२५ च्या नोव्हेंबरात ते टोकियो येथे झाले, आणि तेथे आपल्या देशाच्या पथकाने वीस पदके मिळविली. महाराष्ट्राच्या प्रांजली धुमाळ हिने पिस्तुलाच्या नेमबाजीत सुवर्णपदक पटकाविले, हे आपणांपैकी पुष्कळांनी वर्तमानपत्रांतून वाचलेच असेल. या सामन्यांच्या जागतिक संघटनेचे ब्रीद 'खेळांतून समता' असे आहे. दया असे नाही, समता असे आहे. संघटनेचे चालकही कर्णबधिरच असावेत असा तिचा दंडक आहे.

या इतिहासावरून मला जे मुख्य सूत्र सापडते ते असे: कर्णबधिरांच्या मैदानावर जे जे घडेल आणि जे जे ठरेल, ते ते खेळाडूच्या डोळ्यांसमोर घडावे आणि ठरावे. आपण ऐकणारी माणसे नकळत पुष्कळ गोष्टी आवाजाने उरकतो. शिट्टी, ध्वनिक्षेपक, मागून मारलेली हाक, पंचांची आपापसांतली कुजबूज, यांपैकी काहीच त्या मुलापर्यंत पोहोचत नाही. त्याच्या पाठीमागे जे बोलले गेले त्याला तो उत्तरही देऊ शकत नाही. म्हणून आपण जे आवाजाने करतो तेच, मनात कपट नसले तरी, त्याच्यापुरते कपट ठरते. आता प्रत्येकाच्या कर्तव्याकडे वळतो.

आरंभ पात्रतेपासून. जागतिक सामन्यांत खेळावयाचे तर दोहोंपैकी चांगल्या कानाचीही श्रवणशक्ती सरासरी निदान ५५ डेसिबलने उणी असावी लागते, आणि ती ऑडिओग्रामने, म्हणजे कानाच्या तपासणीच्या आलेखाने, सिद्ध करावी लागते. आपल्या देशातील २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे माप निराळे आहे. त्यात दोन्ही कानांत ७० डेसिबल वा अधिक उणीव असलेला तो बधिर, आणि ६० ते ७० मधला तो कमी ऐकू येणारा. म्हणजे ५७ डेसिबल उणीव असलेला मुलगा एका मापाने पात्र ठरेल, दुसऱ्याने ठरणार नाही. तेव्हा आपण कोणते माप लावणार ते प्रवेशपत्रिकेवरच छापावे. सामन्याच्या दिवशी एखाद्याचा मुलगा पाहून माप बदलू नये. संशय आला तर चारचौघांत मुलाच्या कानामागे टाळी वाजवून परीक्षा घेण्याचा रानटीपणा कोणी करू नये. ते काम श्रवणतज्ज्ञाचे आहे. आपल्या राज्यात तर म्हैसूर येथे १९६५ पासून अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था आहे. तेथे शिकलेल्या तज्ज्ञांचे साहाय्य मागावयास संकोच कसला?

खोट्या दाखल्याबद्दल मात्र कोणतीही भीड ठेवू नये. सन २००० च्या सिडनी येथील पॅरालिंपिकमध्ये बौद्धिक अपंगांच्या बास्केटबॉलमध्ये स्पेनच्या संघाने सुवर्णपदक जिंकले, आणि मागाहून उघड झाले की बारांपैकी दहा खेळाडूंना तसे काही अपंगत्वच नव्हते. पदक तर परत गेलेच, पण त्या प्रकारचे सामनेच पुढे बारा वर्षे पॅरालिंपिकमधून वगळले गेले. लबाडी थोड्यांची, आणि दंड भरला जगभरच्या निरपराध खेळाडूंनी. आपल्या कायद्यातही दिव्यांगांसाठी राखलेला लाभ लबाडीने घेणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे. तरी कायद्याच्या भीतीपेक्षा आपल्या ट्रस्टची अब्रू आपणांस अधिक प्रिय असावी.

पात्रतेला लागूनच श्रवणयंत्राचा नियम येतो. जागतिक सामन्यांत खेळताना श्रवणयंत्र आणि कॉक्लिअर इम्प्लांटचा बाहेरील भाग काढून ठेवावा लागतो. सर्वांना एकच अट असावी हा त्याचा हेतू. परंतु ते यंत्र किमती असते, आणि मुलाचा जीव त्यात गुंतलेला असतो. म्हणून ते ठेवून घेण्यासाठी नावनिशीवार डब्या व एक जबाबदार व्यक्ती असावी, आणि खेळ संपताच ते परत मिळावे. तोवर आपली मोठी माणसे त्या मुलाशी तोंड फिरवून बोलणार नाहीत, ही दक्षता हवी. ज्याच्या कानाची शस्त्रक्रिया झाली आहे त्यास कुस्ती-कबड्डीत उतरविण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आता पंच. आपले देशी खेळ आवाजावर किती अवलंबून आहेत हे आपण कधी ध्यानात घेतले आहे काय? खो-खोमध्ये बसलेल्या गड्याच्या पाठीस हात लावून 'खो' असा स्पष्ट उच्चार करावयाचा असतो. कबड्डीत चढाई करणाऱ्याने दम एकसारखा घुमवावयाचा, आणि तो तुटला की नाही हे पंचाने कानाने ठरवावयाचे. ज्याने तो शब्द जन्मात ऐकला नाही, त्याचा उच्चार अस्पष्ट आहे म्हणून त्यास बाद करणे हा न्याय नव्हे. खो-खोत पाठीवरचा हात पुरेसा मानावा, कबड्डीत तीस सेकंदांची चढाई सर्वांना दिसेल अशा घड्याळाने मोजावी, आणि हे सर्व दोन्ही संघांना आदल्या दिवशी खुणांच्या भाषेत समजावून द्यावे. कुस्तीत शिट्टी झाल्यावरही पकड न सोडणारा मल्ल उद्दाम असतोच असे नाही, त्याने ती ऐकलेलीच नसते. पंचाने त्याच्या खांद्यास स्पर्श करून थांबवावे. फुटबॉलच्या पंचाने हाती निशाण घ्यावे, धावण्याची शर्यत दिव्याने किंवा निशाणाने सोडावी. निशाणवाला सर्व धावपटूंना सारखा दिसेल असा उभा राहावा. कडेच्या गड्यास मान वळवावी लागली तर त्याची शर्यत तेथेच अर्धी हरली.

निकाल देताना पंचाने खेळाडूकडे तोंड करून, चूक कोणती झाली ते खुणेने दाखवावे. तक्रार ऐकण्यासाठी जी समिती नेमाल तीत निदान एक तरी प्रौढ कर्णबधिर गृहस्थ वा भगिनी असावी, शोभेपुरती नव्हे, मताच्या अधिकारासह. मिलानची चूक बीदरला पुन्हा नको.

दुभाषा हा या मैदानावरचा सर्वांत नाजूक मनुष्य. त्याने दोहोंकडचे बोलणे जसेच्या तसे पोहोचवावे, आपल्या पदरचे घालू नये व अप्रिय म्हणून गाळू नये. खेळाडू पंचावर रागावला असेल तर तो राग सौम्य करणे हे दुभाष्याचे काम नाही. खेळाडूचे खाजगी बोलणे त्याने बाहेर नेऊ नये. आणि आपल्याच शाळेच्या संघाचा प्रशिक्षक दुभाषा म्हणून उभा करू नये, हे तर उघडच आहे.

शिक्षक आणि प्रशिक्षक यांच्याविषयी एक कठोर गोष्ट बोलणे भाग आहे. कर्णबधिर मुलास वा मुलीस कोणी त्रास दिला तर ती आरडाओरडा करून मदत मागेल आणि घडलेले चारचौघांना सांगेल, या भरवशावर आपणांस राहता येत नाही. अपराधी मनुष्य नेमका त्याच गोष्टीचा फायदा घेतो. म्हणून मुलींच्या संघाबरोबर स्त्री-शिक्षिका असल्याच पाहिजेत, कोणताही प्रौढ एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत असू नये, आणि तक्रार ऐकण्यास खुणांची भाषा जाणणारी, संघांशी संबंध नसलेली एक स्त्री नेमलेली असावी. तिचा चेहरा पहिल्याच दिवशी सर्व मुलामुलींना दाखवून द्यावा. नाव फलकावर लिहिणे पुरेसे नाही.

खेळाडूंनाही कर्तव्ये आहेत. त्यांना सूट देणे हा सुद्धा अपमानच आहे. हातांनी दिलेली शिवी ही शिवीच, आणि ऐकणाऱ्या पंचास ती कळली नाही म्हणून ती माफ होत नाही. प्रतिस्पर्ध्याच्या खुणा चोरून पाहणे हेही गैर. वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या महाविद्यालयातील खेळाडू १८९० च्या दशकात डावाची मसलत करताना गोल घोळका करून उभे राहू लागले, ते समोरच्यांना खुणा दिसू नयेत म्हणून. अमेरिकन फुटबॉलमध्ये आज सर्वत्र दिसणाऱ्या घोळक्याचे श्रेय त्यांना दिले जाते. तेव्हा आपल्या मैदानावर त्या घोळक्याचे भ्रमणध्वनीवर चित्रण करून दुसऱ्या संघास नेऊन देणारा स्वयंसेवक आढळला तर त्यास तात्काळ घरी पाठवावा.

पालक आणि प्रेक्षक यांना दोनच गोष्टी सांगतो. टाळ्या वाजविण्यापेक्षा दोन्ही हात वर उंचावून हालवावेत. ती त्यांची टाळी आहे, आणि ती त्यांना दिसते. दुसरी गोष्ट, 'मुका', 'बहिरा', 'खुळा' हे शब्द मैदानावर नकोत. सार्वजनिक जागी दिव्यांग व्यक्तीचा हेतुपुरस्सर अपमान करणे हा तर कायद्याने अपराध आहे. हरियाणाच्या वीरेंद्रसिंह या थोर मल्लाने 'गूंगा पहलवान' हे लोकांनी दिलेले नाव अंगावर भूषणासारखे वागविले, हा त्याचा मोठेपणा. म्हणून आपणांस प्रत्येक मुलास त्या नावाने पुकारण्याचा परवाना मिळत नाही.

या वीरेंद्रसिंहाचीच गोष्ट देणगीदारांनी ऐकण्यासारखी आहे. २००५, २०१३ आणि २०१७ अशा तीन डेफलिंपिक्समध्ये त्याने कुस्तीचे सुवर्णपदक मिळविले. २०२१ च्या नोव्हेंबरात राष्ट्रपतींच्या हस्ते त्यास पद्मश्री मिळाली, आणि लगोलग तो आपली सर्व पदके घेऊन दिल्लीच्या हरियाणा भवनासमोर पदपथावर बसला. मागणी एवढीच होती की इतर दिव्यांग खेळाडूंना जे हक्क व जी बक्षिसे मिळतात, ती कर्णबधिरांनाही मिळावीत. पद्मश्री मिळालेल्या मल्लास पदपथावर बसावे लागते, यावरून सत्कार आणि समता या दोन भिन्न वस्तू आहेत हे कळून येते. आपण शाल-श्रीफळ जरूर द्यावे, परंतु यात्रेतल्या कुस्तीस जे इनाम आपण लावतो, तेच या कुस्तीसही लावावे. व्यासपीठावरील भाषणे थोडी करावीत, जी होतील ती दुभाष्यामार्फत मुलांपर्यंत पोहोचावीत. देणगीदाराच्या हातून वस्तू घेताना मुलाची छायाचित्रे काढण्यापेक्षा तो जिंकत असताना काढावीत.

शेवटी आपल्या भागाविषयी एक शब्द. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, आणि हैदराबाद राज्यातील बीदर जिल्ह्याचे उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मराठी मुलखात गेले, भालकी, औराद, हुमनाबाद इकडे राहिले. एकाच घराण्यातील एक भाऊ तिकडे व एक इकडे, असे आपल्यांत पुष्कळ आहेत. आपल्या घरी मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दखनी, अशी आपली त्रिवेणी आहे, व तिच्यावरून वादही होतात. कर्णबधिर मुलाला या तिन्ही भाषा सारख्याच अबोल आहेत. भालकीचा मुलगा आणि आळंदचा मुलगा मैदानावर समोरासमोर आले की हातांनी एकमेकांशी बोलू लागतात, तेव्हा कोण कोणत्या भाषेच्या घरचा हे विचारावेच लागत नाही. त्यांच्यात आपले भाषावाद आणि 'आपल्या' शाळेचा अभिमान आपण नेऊ नये. प्रवेश सर्व भाषांच्या, सर्व जातिधर्मांच्या मुलांना सारखा असावा. ज्या भूमीत बसवेश्वरांच्या अनुभव मंटपात जात न विचारता माणसास बसावयास जागा मिळाली, त्या भूमीला हे नवे नाही.

तेव्हा विश्वस्त मंडळास माझी नम्र सूचना अशी की, यांतील नियम एका पानावर सोप्या भाषेत छापावेत, त्यांचे खुणांच्या भाषेतील चित्रणही करवून घ्यावे, आणि पंच, शिक्षक, दुभाषे, स्वयंसेवक व आपण विश्वस्त, अशा सर्वांच्या सह्या त्यावर घ्याव्यात. पहिली सही अध्यक्षांची असावी. कारण नियम वरून पाळला गेला तरच खाली उतरतो. तो मसुदा करताना या भागातील चार प्रौढ कर्णबधिरांना प्रथम बोलवावे. मी येथे बोललो त्यांतले त्यांनी जे खोडून टाकावे असे म्हटले, ते बेलाशक खोडावे.