दिवेलागणीनंतर न दिसणे : रातांधळेपणाची कारणे व निदान
(सभासद व विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला ज्या विषयावर बोलायला सांगितले आहे तो डॉक्टरांचा विषय आहे आणि मी डॉक्टर नाही. मी कला शाखेचा पदवीधर, बँकेत कारकून. तरीही हा विषय मी आनंदाने घेतला, कारण रातांधळेपणाची पहिली ओळख दवाखान्यात होत नाही, ती घरात होते. डॉक्टर आपले मूल दिवसाउजेडी किंवा ट्यूबलाइटखाली पाहतात. दिवेलागणीला ते कसे वागते, अंगणातून घरात येताना उंबऱ्याला अडखळते का, ताटातली भाकरी चाचपडते का, हे आई पाहते, आजी पाहते, भावंडे पाहतात. त्यांनी जे पाहिले त्याचा अर्थ त्यांना कळला पाहिजे. आजचे माझे बोलणे तेवढ्यासाठीच आहे.

१. रोग नव्हे, लक्षण

सर्वप्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रातांधळेपणा हा स्वतंत्र रोग नाही, ते लक्षण आहे. ताप जसा मलेरियाचा असू शकतो, टायफॉइडचा असू शकतो किंवा साध्या सर्दीचा असू शकतो, तसेच हे आहे. अंधारात कमी दिसण्याची कारणे अनेक आहेत. त्यांतले एक कारण काही पैशांच्या औषधाने दोन दिवसांत हटते. दुसरे कारण आजच्या घडीला बहुतेकांच्या बाबतीत बरे होत नाही, पण वेळीच कळले तर माणूस आपले शिक्षण, नोकरी, संसार नीट आखू शकतो. या दोहोंची गल्लत झाली की नुकसान होते. पहिल्या कारणाला ‘आमच्या घराण्यातच आहे’ म्हणून सोडून दिले तर मूल कायमचे आंधळे होऊ शकते. दुसऱ्या कारणाला ‘अशक्तपणा आहे’ म्हणून वर्षानुवर्षे टॉनिक पाजले तर पैसा जातो आणि उमेदीची वर्षेही जातात.

२. डोळा अंधारात कसा पाहतो?

डोळ्याच्या मागच्या बाजूला दृष्टिपटल असते. त्यात दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकुपेशी सुमारे साठ लाख. त्या भरपूर उजेडात काम करतात आणि रंग ओळखतात. दंडपेशी सुमारे बारा कोटी. त्या अंधुक उजेडात काम करतात. चित्रपटगृहात उशिरा शिरलो की आधी काहीच दिसत नाही आणि मग हळूहळू खुर्च्या दिसू लागतात, तो या दंडपेशींचा प्रताप. त्यांच्यात ऱ्होडॉप्सिन नावाचे रंगद्रव्य असते. उजेड पडला की ते विरते आणि अंधारात पुन्हा तयार होते. ते तयार व्हायला अ जीवनसत्त्व लागते. हे कार्य उलगडणाऱ्या संशोधनाबद्दल जॉर्ज वाल्ड यांना १९६७ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

म्हणजे रात्री दिसण्यासाठी दोन गोष्टी लागतात : दंडपेशी शाबूत हव्यात आणि त्यांना अ जीवनसत्त्वाचा पुरवठा हवा. पुरवठा तुटला तर पहिले कारण, पेशीच मरू लागल्या तर दुसरे कारण.

३. पहिले कारण : अ जीवनसत्त्वाची उणीव

माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो. आपले यकृत हे या जीवनसत्त्वाचे बचत खाते आहे. खाल्लेल्यातले जे उरते ते तिथे जमा होते आणि नंतर महिनोन्‌महिने पुरते. म्हणून चार दिवस भाजी न मिळाल्याने कोणी रातांधळे होत नाही. पण ज्या मुलाच्या खात्यात मुळात शिल्लकच नाही, त्याला गोवर झाला किंवा हगवण लांबली तर उरलेसुरले एकदम काढले जाते आणि खाते रिकामे होते. दिवेलागणीनंतर न दिसणे ही त्याची पहिली सूचना.

आपल्या नाशिक जिल्ह्याचा विचार करा. लासलगावचा कांदा, पिंपळगावचा टोमॅटो, द्राक्षे, मुंबईला रोज जाणारा भाजीपाला. एवढे पिकवणाऱ्या जिल्ह्यात ही उणीव कशी, असे कोणी विचारील. उत्तर असे की कांद्यात आणि द्राक्षात हे जीवनसत्त्व जवळपास नाही, भातात, बटाट्यात नाही, भाकरीतही नावापुरतेच. ते आहे अंड्याच्या बलकात, दुधात, लोण्यात आणि सर्वांत जास्त कलेजीत. मेथी, पालक, तांदुळजा, शेवग्याचा पाला, गाजर, लाल भोपळा, पिकलेली पपई आणि आंबा यांत ज्या रूपात ते असते त्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते. मात्र त्यासाठी जेवणात थोडे तेल हवे. कोरडी उकडलेली भाजी तितकी अंगी लागत नाही, फोडणीची लागते. आता जी बाई दिवसभर दुसऱ्याच्या मळ्यात मेथीच्या जुड्या बांधते, तिच्या घरी संध्याकाळी मिरचीचा ठेचा आणि भाकरी असेल, तर जिल्ह्यात किती पिकते याला अर्थ उरत नाही. ताटात काय पडते ते महत्त्वाचे.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर हे तालुके आपल्यापासून दूर नाहीत. त्र्यंबकचा डोंगर ओलांडून मोखाड्याकडून उतरले की जव्हार. त्या जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे १९९२ साली कुपोषणाने मुले दगावली आणि सारा महाराष्ट्र हादरला. २०२२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात मुंबई, भिवंडी आणि आपल्याच जिल्ह्यातील मालेगाव येथे गोवराची साथ पसरली. गोवर झालेल्या मुलाला अ जीवनसत्त्वाचे दोन डोस लागोपाठ दोन दिवस द्यावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. काही घरांत मात्र गोवर म्हणजे ‘देवी आली’ असे मानून मुलाला ना डॉक्टरकडे नेतात, ना धड खाऊ घालतात. ज्या वेळी खात्यातून सर्वांत जास्त निघते, त्याच वेळी आपण भरणा बंद करतो.

आणि ही गोष्ट केवळ डोळ्यांपुरती नाही. डॉ. आल्फ्रेड सॉमर यांनी इंडोनेशियातील मुलांचा अभ्यास केला. १९८३ साली त्यांनी दाखवून दिले की ज्या मुलांना रातांधळेपणासारखी सौम्य लक्षणे आहेत त्यांच्यातही मृत्यूचे प्रमाण इतर मुलांच्या सुमारे चौपट आहे. रात्री न दिसणारे मूल हे जिवाच्या धोक्यातले मूल असते.

भारतात या उणिवेविरुद्धचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० मध्ये सुरू झाला. त्यानुसार नवव्या महिन्यात गोवराच्या लशीबरोबर एक लाख एकक, दीड वर्षाच्या सुमारास दोन लाख, आणि पुढे दर सहा महिन्यांनी दोन लाख, असे पाच वर्षांपर्यंत एकूण नऊ डोस द्यायचे असतात. पूर्वीपेक्षा परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे, यात शंका नाही. परंतु २०१६ ते २०१८ या काळातील राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात एक ते चार वर्षांच्या मुलांत १८ टक्के आणि पाच ते नऊ वर्षांच्या मुलांत २२ टक्के इतकी ही उणीव रक्ततपासणीत आढळली. डोळ्यात दिसत नसली तरी ती रक्तात आहे.

४. याचे निदान कसे करावे?

आईला चार प्रश्न विचारावेत. मुलाला दिवसा दिसायला काही अडचण आहे का? संध्याकाळनंतर आहे का? त्याच्या वयाच्या इतर मुलांपेक्षा वेगळे वाटते का? ही अडचण कधीपासून? दिवसा नीट दिसते, संध्याकाळनंतर दिसत नाही, आणि हे काही आठवड्यांपूर्वी आजारपणानंतर सुरू झाले, असे उत्तर आले तर उणिवेचा दाट संशय धरावा.

मग मुलाचे डोळे पाहावेत. पांढऱ्या भागावरचा ओलावा जाऊन तो निस्तेज, सुरकुतलेला दिसतो का? बुबुळाच्या कडेला, कानाच्या बाजूस, साबणाच्या फेसासारखा पांढरट ठिपका आहे का? त्याला बिटॉटचा ठिपका म्हणतात. बुबुळच धुरकट किंवा मऊ पडू लागले असेल तर एक दिवसही न घालवता रुग्णालयात न्यावे. त्यानंतर ते फुटून डोळा जातो.

डॉक्टर वयाप्रमाणे मोठा डोस देतात : आज, उद्या, आणि दोन आठवड्यांनी. उणीव हेच कारण असेल तर रात्रीचे दिसणे बहुधा दोन दिवसांत सुधारते. म्हणजे इथे औषध हेच निदानाचा पुरावाही ठरते. मात्र हे औषध आपल्या मनाने पाजू नये. जास्त झाले तर ते यकृताला अपाय करते, आणि गरोदर स्त्रीला मोठा डोस दिला तर गर्भात व्यंग येऊ शकते. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत काही स्त्रियांना रात्री दिसेनासे होते. ‘या दिवसांत असे होतेच’ म्हणून घरचे दुर्लक्ष करतात. तसे करू नये. ती उणीवच असते आणि डॉक्टर तिला झेपेल असा लहान डोस देतात.

५. दुसरे कारण : आनुवंशिक

आता दुसरे घर. मूल खाऊन-पिऊन धडधाकट आहे, गोवर-हगवण काही नाही, तरी लहानपणापासून किंवा दहा-पंधरा वर्षांपासून रात्री अडखळते. पुढे दिवसाही बाजूचे दिसेनासे होते. समोरची पाटी वाचता येते, पण शेजारून येणारी सायकल दिसत नाही. जणू नळीतून पाहावे तसे. हा रेटिनायटिस पिग्मेंटोसा. यात दंडपेशी हळूहळू मरतात. जगात साधारण चार हजारांत एकाला तो असतो असे मानतात. परंतु नागपूर परिसरातील ग्रामीण भागात तीस वर्षांवरील साडेचार हजारांहून अधिक लोकांची डोळे तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे हे प्रमाण सुमारे साडेसातशे जणांमागे एक इतके आढळले.

याचा आपल्या चालीरीतींशी संबंध आहे. महाराष्ट्रात मामाची मुलगी करण्याची प्रथा अनेक समाजांत आहे. मामे-आते भावंडांच्या जनुकांपैकी सरासरी एक अष्टमांश भाग एकाच आजी-आजोबांकडून आलेला असतो. आजोबांत दडलेला दोष दोन्हीकडून एकत्र येण्याची शक्यता त्यामुळे वाढते. अर्थात नात्यात लग्न न झालेल्या घरांतही हा रोग होतो, आणि नात्यातल्या बहुतेक जोडप्यांची मुले निरोगी असतात. म्हणून कोणाला दोष देण्याचे कारण नाही. विशेषतः सुनेला बोल लावणे थांबले पाहिजे. बहुतेक वेळा दोष दोन्ही घरांतून आलेला असतो. परंतु घरात एकाला हा रोग निघाला असेल तर पुन्हा त्याच नात्यात सोयरीक करू नये, एवढा बोध घ्यावा.

याचे निदान नेत्रतज्ज्ञच करतात. बाहुली मोठी करून दृष्टिपटल पाहतात. तिथे काळसर रंगाचे जाळे आणि बारीक झालेल्या रक्तवाहिन्या दिसतात. दृष्टिक्षेत्र मोजतात. ईआरजी या तपासणीत दृष्टिपटलाचे विद्युतस्पंदन नोंदवतात. जनुक तपासणीही आता होते. अशा मुलाला ऐकूही कमी येत असेल तर ते आवर्जून सांगावे, कारण दोन्हींचे मूळ एकच असू शकते. २०१७ मध्ये अमेरिकेत एका जनुक-उपचाराला मान्यता मिळाली. पण तो एका विशिष्ट जनुकाच्या दोषावरच चालतो. म्हणून ‘हमखास बरे करतो’ अशा जाहिरातींपासून सावध राहावे.

एक महत्त्वाची माहिती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात केवळ नंबर पाहिला जात नाही, दृष्टिक्षेत्रही पाहिले जाते. ते चाळीस अंशांहून कमी असेल तर ती अल्पदृष्टी ठरते. ‘तू तर पेपर वाचतोस, तुला कसले प्रमाणपत्र?’ असे कोणी म्हटले तर गप्प बसू नये. दृष्टिक्षेत्राचा तक्ता मागून घ्यावा आणि तो अर्जासोबत जोडावा. शिक्षणातील सवलती आणि नोकरीतील राखीव जागा त्यावर अवलंबून आहेत.

६. इतर कारणे

जास्त उणे नंबर असणाऱ्यांना रात्री अंधुक दिसते. चष्म्याने बराच फरक पडतो. उतारवयात मोतीबिंदूमुळे समोरच्या गाडीच्या दिव्याने डोळे दिपतात. शस्त्रक्रियेने ते सुधारते. काचबिंदू आणि मधुमेहाने झालेला दृष्टिपटलाचा विकार यांतही रात्रीची अडचण येते. यकृताचे व आतड्याचे जुने आजार असले तर खाल्लेले जीवनसत्त्व अंगी लागत नाही. काही जणांना जन्मापासून रात्री कमी दिसते, पण ते पुढे वाढत नाही. म्हणून मोठ्या माणसाने ‘वयामुळे होते’ म्हणून स्वस्थ बसू नये.

७. आपण काय करावे?

सभासदांना विनंती अशी की आपल्या वस्तीतील पाच वर्षांखालील मुलांची लसीकरणाची कार्डे एकदा काढून पाहावीत. नऊपैकी किती डोस नोंदले आहेत ते मोजावे. राहिले असतील तर अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात न्यावे. बाळंतिणीचे पहिले पिवळसर दूध, ज्याला आपण चीक म्हणतो, ते फेकू देऊ नये. त्यात हे जीवनसत्त्व भरपूर असते. शाळेत आणि अंगणवाडीत आरोग्य तपासणीचे पथक येते, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये.

विद्यार्थ्यांना एकच सांगतो. तुमच्या वर्गात एखादा मुलगा संध्याकाळच्या खेळात चेंडू सोडतो, रात्रीच्या अभ्यासिकेतून घरी जाताना कोणाचा तरी खांदा धरतो, जिन्यावर पाय चाचपडत टाकतो. त्याला धांदरट म्हणून हसू नका. त्याला विचारा, ‘तुला दिवसा असे होते का?’ तो नाही म्हणाला, तर त्याच्या आईला सांगा आणि त्याच आठवड्यात त्याच्याबरोबर जिल्हा रुग्णालयाच्या नेत्र विभागात जा.