काडतुसांची टंचाई आणि ग्रामीण नेमबाज

(कळवण येथे शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस येथील ऑलिंपिक स्पर्धेत स्वप्नील कुसाळे याने ५० मीटर रायफल नेमबाजीच्या तिन्ही स्थितींच्या प्रकारात ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक पटकाविले. १९५२ साली हेलसिंकी येथे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत पदक मिळविल्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूस वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळण्यास बहात्तर वर्षे लोटावी लागली. स्वप्नील हा कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्याच्या कांबळवाडी गावचा. वडील शिक्षक, आई त्यावेळी गावची सरपंच. २००९ साली तो शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला आणि नेमबाजीचे पुढील धडे त्याने नाशिक येथे गिरविले. कळवणहून सुमारे ऐंशी किलोमीटरवरील हे शहर येथील मंडळींना परके नाही. शिक्षकाचे घर आणि सरपंचाचे घर ही तर या सभेतीलच घरे होत.

पदकाच्या आनंदात एक बातमी मात्र बाजूला पडली. मुलाच्या काडतुसांसाठी वडिलांनी कर्ज काढले होते, असे त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झाले. कर्ज रायफलीसाठी असते तर कोणास नवल वाटले नसते. विहिरीसाठी, पंपासाठी, ट्रॅक्टरसाठी शेतकरी कर्ज काढतोच. ती वस्तू दारात उभी राहते आणि वर्षानुवर्षे काम देते. काडतूस मात्र क्षणात संपते, आणि दुसऱ्या दिवशी सरावासाठी नवे काडतूस लागते. नेमबाज कोण होणार आणि कोण मध्येच थांबणार, याचा निर्णय रायफलीपेक्षा काडतुसावर अधिक होतो. ही गोष्ट क्रीडाविषयक योजना आखताना पुरेशी ध्यानात घेतली जात नाही.

या खेळात वापरले जाणारे .२२ चे काडतूस ही दिसावयास क्षुल्लक वस्तू आहे. करंगळीच्या पेरापेक्षा बारीक पितळी पुंगळी, तिच्या तोंडाशी सुमारे अडीच ग्रॅम वजनाची शिशाची गोळी आणि आत थोडी दारू. १८८७ साली अमेरिकेतील स्टीव्हन्स कंपनीने आणलेले हे काडतूस फारसा बदल न होता आजही जगभर चालते. मोठ्या काडतुसाच्या बुडाशी मध्यभागी पेट घेणारी एक टोपी बसविलेली असते. .२२ मध्ये अशी टोपी नसते. पेट घेणारा मसाला पुंगळीच्या बुडाच्या कडेत आतून पसरलेला असतो आणि बंदुकीच्या खिळीचा आघात त्या कडेवर होतो. म्हणून यास रिमफायर, म्हणजे कडेवर पेटणारे काडतूस, असे नाव आहे. या रचनेमुळे ते स्वस्त पडते. पण एकदा कडा चेपली की ती पुंगळी पुन्हा भरता येत नाही. मोठ्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या टोपी व दारू नव्याने घालून पुन्हा वापरण्याची चाल अनेक देशांत आहे. .२२ च्या बाबतीत तो मार्ग बंद आहे. एकलव्याने गुरूवाचून विद्या साधली हे खरे, परंतु त्याला आपले बाण लक्ष्यातून उपटून पुन्हा भात्यात घालता येत होते. आजच्या एकलव्यापाशी ती सोय नाही.

यातील हिशेब अगदी साधा आहे. दिवसाला साठ गोळ्या हा मन लावून सराव करणाऱ्या मुलाच्या दृष्टीने माफकच आकडा होय. प्रत्यक्ष स्पर्धेच्या पात्रता फेरीतच साठ गुणांकित गोळ्या झाडाव्या लागतात, आणि रायफल जुळवून घेण्यासाठी आधी झाडलेल्या गोळ्या त्याखेरीज. दिवसाला साठ आणि वर्षातून दोनशे दिवस धरले तरी बारा हजार काडतुसे झाली. म्हणजे एका काडतुसामागे एक रुपया भाव वाढला की त्या घरावर वर्षाला बारा हजार रुपयांचा बोजा चढतो. पाच रुपये वाढला तर साठ हजार. कांद्याचा भाव एका आठवड्यात कसा कोसळतो हे कळवणच्या बाजारात माल नेणाऱ्या शेतकऱ्यास सांगावयास नको. ज्या घराचे उत्पन्न असे हेलकावे खाते, त्या घराने दर महिन्याला न चुकता काडतुसे विकत आणावीत, ही अपेक्षा धाडसाची आहे.

भाव का वाढतात, याचे उत्तर मुख्यतः परदेशांत आहे. स्पर्धेच्या दर्जाची .२२ काडतुसे बनविणारे कारखाने जगात मोजके. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमची एली, जर्मनीची आरडब्ल्यूएस आणि फिनलंडची लापुआ ही त्यांतील ठळक नावे, लापुआची.२२ काडतुसेही जर्मनीतच तयार होतात. या काडतुसांची यंत्रसामग्री निराळी असते. मागणी वाढली म्हणून दुसऱ्या काडतुसाचे यंत्र इकडे वळविता येत नाही. शिसे, पितळ आणि दारूसाठी लागणारा नायट्रोसेल्युलोज यांच्या किमती जागतिक बाजारात ठरतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यापासून युरोपातील दारूगोळ्याचे कारखाने सैन्याच्या मागणीत गुंतले, आणि या कच्च्या मालासाठी चढाओढ लागली. लष्कराच्या तोफेचा गोळा आणि शाळकरी मुलाचे इवलेसे काडतूस, दोघांनाही लागणारा माल एकाच भांडारातून येतो. चढाओढीत कोणाची सरशी होणार हे उघड आहे.

दुसरे कारण मनुष्यस्वभावाचे. २०१२ च्या डिसेंबरात अमेरिकेतील एका शाळेत भीषण हत्याकांड घडले आणि शस्त्रांवर कडक निर्बंध येणार अशी हवा पसरली. निर्बंध येण्यापूर्वीच लोकांनी काडतुसांचे साठे केले. त्यांत .२२ ची काडतुसे सर्वांत स्वस्त, म्हणून तीच सर्वांत आधी दुकानांतून नाहीशी झाली. कारखाने चालू होते, तरी पुढे काही वर्षे ती सहज मिळेनात. दुकानदारांना एका गिऱ्हाइकास किती डब्या द्यावयाच्या याची मर्यादा घालावी लागली. २०२० च्या महामारीत तोच प्रकार पुन्हा घडला. रॉकेल आणि साखर यांच्या रांगांत उभे राहिलेल्या पिढीस हे चित्र नवे वाटू नये. टंचाईपेक्षा टंचाईची वार्ताच पुष्कळदा अधिक वेगाने धावते.

भारतातील नेमबाजापुढे याखेरीज अडचणी आहेत त्या परवाना, आयात आणि वाहतूक यांच्या. काडतूस ही शस्त्र अधिनियम, १९५९ खाली येणारी वस्तू. ती दुकानातून पिशवीत टाकून आणता येत नाही, आणि तसे असणेच योग्य आहे. १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे सभापती गणेश वासुदेव मावळंकर होते, आणि त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा आजही नवोदितांसाठी राष्ट्रीय स्पर्धेचा उंबरठा ठरते. या संघटनेच्या आणि राज्य संघटनांच्या मार्फतच खेळाडूस आयात काडतुसांचा बराच आधार मिळतो. शासनानेही वेळोवेळी नियम सैल केले आहेत. २०२० च्या फेब्रुवारीत केंद्रीय गृहमंत्रालयाने नेमबाजांना सरावासाठी बाळगता येणाऱ्या .२२ काडतुसांची मर्यादा १,००० वरून ५,००० पर्यंत वाढविली. निर्णय स्वागतार्ह होता. परंतु मर्यादा वाढली म्हणून खरेदीची ऐपत वाढत नाही. पन्नासाची एक डबी याप्रमाणे शंभर डब्या बाळगण्याचा अधिकार कागदावर मिळाला, तरी दहा डब्यांचे पैसे उभे करणे ज्याला कठीण, त्याला त्या अधिकाराचा उपयोग कोणता?

देशी उत्पादनाचा विचार येथे स्वाभाविकपणे पुढे येतो. .२२ ची काडतुसे भारतीय आयुध निर्माणींनी बनविलेली आहेत. १ ऑक्टोबर २०२१ पासून निर्माणी मंडळाच्या जागी सात कंपन्या आल्या. त्यांपैकी दारूगोळ्याची म्युनिशन्स इंडिया ही कंपनी पुण्यात आहे. १८६९ पासूनची खडकीची निर्माणी आणि शेजारच्या जळगाव जिल्ह्यातील वरणगावची निर्माणी याच कंपनीकडे आहेत. हात बसविण्यासाठी, शिस्त लावण्यासाठी देशी काडतूस पुरेसे आहे. वरच्या दर्जाच्या स्पर्धेत मात्र खेळाडू परदेशी काडतुसाकडे वळतो, आणि त्यास केवळ हौस म्हणणे अन्यायाचे होईल. ५० मीटरवरील लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. गोळीच्या वेगात किंचित फरक पडला तरी ती वर किंवा खाली लागते. इतकेच नव्हे, तर एकाच कारखान्याच्या एकाच नावाच्या दोन खेपांतही फरक असतो. म्हणून नामांकित नेमबाज आपल्या रायफलीच्या नळीतून निरनिराळ्या खेपा झाडून पाहतात आणि जी खेप मानवेल तिचाच साठा करतात. टंचाईचा पहिला घाव येथे बसतो. काडतुसे अजिबात न मिळणे ही पुढची पायरी; त्याआधी निवड संपते. हाती येईल ती खेप घ्यावी लागते, गुण घसरतात, आणि मुलाचा हात बिघडला असे घरचे समजतात.

एवढे असूनही महाराष्ट्राने या खेळात नाव मिळविले आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर प्रोन रायफल प्रकारात जगज्जेत्या झाल्या. त्याच शहराच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले. हे दोन्ही प्रकार .२२ काडतुसाचेच.

कळवणसारख्या आदिवासीबहुल तालुक्यात याचा विचार करताना प्रथम एक गोड गैरसमज दूर ठेवला पाहिजे. कोकणा किंवा भिल्ल मुलाच्या रक्तातच नेमबाजी असते, असे कौतुकाने बोलले जाते. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. परंतु अशा बोलण्याने सरावाची सोय करण्याची जबाबदारी अलगद टळते. नेम रक्तात असता तर काडतुसांची गरजच पडली नसती. डोंगर चढउतार करून आलेला दमदार श्वास आणि कष्टाने आलेली स्थिरता हे भांडवल येथील मुलांपाशी आहे, आणि ते मोलाचे आहे. बाकी सर्व सरावाने येते. सप्तशृंगगडाच्या पायथ्याचा मुलगा आणि मुंबईच्या वरळीचा मुलगा यांत त्या बाबतीत भेद नाही.

सुरुवात काडतुसाने करण्याचे कारणही नाही. विहित शक्तीच्या मर्यादेतील .१७७ च्या एअर रायफलीस परवाना लागत नाही, छर्रे .२२ च्या मानाने पुष्कळ स्वस्त असतात आणि दहा मीटरचे अंतर आश्रमशाळेच्या एखाद्या लांब खोलीतही मिळू शकते. मागे भक्कम भिंत, छर्रे अडविणारी पेटी, एकच दार आणि त्या दाराशी उभा राहणारा जबाबदार शिक्षक, एवढे हवे. शिसे हाताळल्यावर मुलांनी साबणाने हात धुतल्याशिवाय जेवावयास बसू नये, हा नियम लक्ष्याइतकाच महत्त्वाचा. त्याखेरीज छर्रा न भरता केवळ नेम धरून चाप ओढण्याचा सराव आहे. ज्या रायफलीत तशी सोय असते तीत तो बिनखर्चाने करता येतो, आणि मोठमोठे खेळाडूही तो नित्य करतात. महाविद्यालयात राष्ट्रीय छात्रसेनेची .२२ रायफल मुलाच्या हाती येऊ शकते; अंजली भागवत यांची सुरुवात छात्रसेनेतच झाली. बंदूक म्हणजे शिकार, ही समजूतही गावात अद्याप टिकून आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानंतर शिकारीचा प्रश्नच उरला नाही. हा खेळ कागदावरील वर्तुळांशी आहे, हे पालकांना आणि पोलीस पाटलांना आधीच समजावून सांगितले तर पुढील कटकटी वाचतात.

खरी अडचण येते ती एअर रायफलीवरून .२२ कडे जाताना. तेथे शाळेची आणि कार्यालयांची पद्धतच आड येते. रायफल खरेदी केली की ती जडसंग्रह नोंदवहीत, शाळेच्या भाषेत डेडस्टॉक रजिस्टरात, चढते. तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यास ती दाखविता येते, तिचे उद्‌घाटन करता येते, छायाचित्र निघते. काडतूस वापरले की संपले. दाखविण्यास मागे काहीच राहत नाही. म्हणून साहित्याला तरतूद मिळते आणि काडतुसांना मिळत नाही, आणि मग चांगली रायफल कपाटात तेलाच्या वासाने दरवळत पडून राहते. ज्या योजनेत रायफलीसाठी रक्कम आहे, तीत त्या रायफलीच्या निदान तीन वर्षांच्या काडतुसांची रक्कम त्याच मंजुरीत असावी. तसे नसेल तर रायफल न घेता त्या पैशातून छर्रे घ्यावेत. मुलांचे अधिक भले होईल.

मागणी एकत्र नोंदविण्याचाही फायदा आहे. एकेकट्या पालकाने दहा डब्यांसाठी नाशिक, पुणे, मुंबई अशी धावाधाव करण्यापेक्षा जिल्हा क्रीडा अधिकारी, आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आणि रायफल संघटना यांनी वर्षाची गरज आगाऊ ठरवून ती एकदम कळविली, तर एकाच खेपेचा माल मिळण्याची शक्यता वाढते आणि अधेमधे चढणाऱ्या भावाचा फटका कमी बसतो. मात्र आगाऊ खरेदी म्हणजे साठेबाजी नव्हे. दमट, उष्ण जागी वर्षानुवर्षे पडलेल्या काडतुसांचा एकसारखेपणा जातो. कोरड्या जागेत, कुलपात आणि परवान्याच्या मर्यादेत राहील इतकाच साठा असावा.

वाटपाची वही दोन रकान्यांची पुरे. एका बाजूस मुलाला दिलेली काडतुसे, दुसऱ्या बाजूस परत आलेल्या रिकाम्या पुंगळ्या. चाळीस दिली तर चाळीस परत, आणि एखादे न पेटलेले काडतूस असेल तर त्याची वेगळी नोंद, प्रशिक्षकाच्या सहीनिशी. छात्रसेनेच्या गोळीबारात हीच शिस्त पाळली जाते. पितळाच्या मोडीचे जे चार पैसे येतील तेही त्याच वहीत जमा करावेत.